व्होकल टॉनिक

(नागपुरातल्या एका वसंत व्याख्यानमालेत झालेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, तो मागचा कूलर जरा बंद करता का? मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हणणाऱ्या वक्त्याला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आज विषयच आवाजाचा आहे.

मी अजनीच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. नोकरी रेल्वेची, फुटबॉलही रेल्वेच्याच टीमकडून. गुडघा गेला आणि पोट्ट्यांना शिकवायला लागलो. पहिल्याच दिवशी पंचाईत! बॉल छातीवर घेऊन कसा खाली आणायचा हे माझ्या अंगाला येत होतं, जिभेला येत नव्हतं. आणि अंग तर आता साथ देत नव्हतं. तेव्हापासून मला एका माणसाचं कुतूहल आहे. प्रदीपकुमार बॅनर्जी. पीके. भारताचा मोठा फुटबॉलपटू, आणि पुढे बोलून बोलून टीम पेटवणारा कोच.

तेही रेल्वेचेच. जन्म 1936 चा, जलपाईगुडीकडचा. वाढले जमशेदपूरला. पंधराव्या वर्षी बिहारकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांची फुटबॉल स्पर्धा, खेळले. उजव्या बाजूनं सुसाट पळणारा विंगर. पुढे कलकत्त्यात आले, पण तिथल्या दोन बड्या, एकमेकांच्या हाडवैरी क्लबांपैकी मोहन बागानकडून नाही खेळले, ईस्ट बंगालकडूनही नाही. सुरुवातीला आर्यन क्लब, मग पुढची कारकीर्द सगळी ईस्टर्न रेल्वेत. 1958 मध्ये त्या रेल्वेनं कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग सोडून कोणी लीग जिंकायचा योग त्यानंतर थेट 2019 मध्ये आला, पीअरलेसला. मधली साठ वर्षं कोरडी. आपल्या अजनीच्या कॉलनीत ही बातमी कळली असती तर पेढे वाटले असते!

1960 ला रोम ऑलिंपिकमध्ये ते कॅप्टन होते. फ्रान्सशी 1-1 बरोबरी झाली, तो आपला एक गोल पीकेंचा. पण मला जास्त बोलायचंय ते 1962 च्या जकार्ताबद्दल.

त्या एशियाडला इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला प्रवेश दिला नाही. त्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवरचे आपले जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला, आणि तिथलं पब्लिक भारतावर खवळलं. फायनलला लाखभर माणूस, आणि सगळा विरोधात ओरडणारा. समोर दक्षिण कोरिया. जर्नैलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले. मूळचा तो डिफेंडर, पण कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला पुढे खेळवलं. रहीमसाहेब स्वतः कॅन्सरनं पोखरलेले होते. पुढच्या वर्षी ते गेलेच. पहिला गोल पीकेंनी मारला, दुसरा जर्नैलनं, डोक्यानं. होय, त्याच डोक्यानं. 2-1. सोनं.

माझा अंदाज असा, की पीकेंमधला कोच तिथंच जन्माला आला. टाके पडलेल्या माणसाला हेडर मारायला उभं करायचं, तर खडूनं फळ्यावर आकृत्या काढून चालत नाही. तिथं त्या माणसाशी बोलावं लागतं. रहीमसाहेब शिक्षकच होते म्हणा.

1967 ला दुखापतींनी पीकेंचं खेळणं थांबलं. 1972 ला ईस्ट बंगालची टीम हातात आली. त्या वर्षी त्यांनी लीग जिंकली ती एकही गोल न खाता. 1975 च्या आयएफए शील्डच्या फायनलमध्ये मोहन बागानला 5-0. आणि गंमत बघा, ज्यानं पाच गोल चढवले त्याच माणसाला मोहन बागाननं पुढच्या वर्षी मानानं घरी बोलावलं! पीकेंवर कोणत्याच घराचा शिक्का नव्हता, रेल्वेचा होता, म्हणून हे जमलं असं मला वाटतं. 1976 च्या लीगमध्ये मोहन बागानच्या अकबरनं ईस्ट बंगालवर सतराव्या सेकंदाला गोल मारला. सतराव्या मिनिटाला नाही हो, सेकंदाला! 1977 मध्ये मोहन बागाननं ईडन गार्डनवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबला 2-2 रोखलं. त्याच वर्षी शील्ड, डुरंड आणि रोव्हर्स, तिन्ही मोठे कप जिंकले.

ड्रेसिंग रूममधल्या त्यांच्या बोलण्याला तिकडं नाव पडलं ‘व्होकल टॉनिक’. आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंगात अभंग सोडवून सांगतो आणि उत्तररंगात आख्यान लावून डोळ्यांत पाणी आणतो. पीके हाफ टाइमला थेट आख्यानच लावायचे.

1997 चा किस्सा सांगतो. फेडरेशन कपची सेमीफायनल. पीके परत ईस्ट बंगालकडे. मोहन बागानचे कोच अमल दत्त, तेही जुने खेळाडू, पक्के अभ्यासू, त्यांची ‘डायमंड’ रचना तेव्हा गाजत होती. पण मॅचच्या आधी त्यांची जीभ सुटली. ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाला ‘चुंग चुंग’ म्हणाले, त्याच टीमच्या ओमोलोला ‘ऑम्लेट’. पीकेंना आयतं टॉनिक मिळालं. सॉल्ट लेकला 1 लाख 31 हजार लोक. ईस्ट बंगाल 4-1. बायचुंगची हॅटट्रिक.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे भाषण म्हणजे आरती होईल. 1982 च्या दिल्ली एशियाडला भारताचे कोच पीकेच होते. क्वार्टर फायनलला शेवटच्या मिनिटांत एक गोल खाल्ला आणि सौदी अरेबियाकडून हरलो. टॉनिक नव्वद मिनिटं पुरतं. वीस वर्षांत जी पोरं घडवायची राहून गेली, ती ते कुठून आणणार? हे त्यांनाही कळत असावं. नव्वदच्या दशकात ते जमशेदपूरला टाटा फुटबॉल अकादमीत पोरं घडवत बसले होते. 2020 च्या मार्चमध्ये ते गेले.

मीही एकदा टॉनिक देऊन पाहिलं. कामठीला मॅच होती, हाफ टाइमला आम्ही दोन गोलनं मागे. मी उभा राहिलो, आवाज लावला, जकार्तापासून सुरुवात केली. जर्नैलच्या टाक्यांपर्यंत पोचलो, तेवढ्यात आमचा गोलकीपर म्हणाला, “सर, पह्यले पानी द्या नं.”

लावा आता कूलर.