१८० सीट, १९० तिकिटं

मित्रहो, पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून सुटणाऱ्या १८० आसनांच्या विमानाची १८४ तिकिटं विकली, असं समजा. ऐकताच ही फसवणूक वाटते. माझं मत वेगळं आहे. तिकीट काढूनही काही जण येत नाहीत आणि विमान उडाल्यावर रिकाम्या सीटची किंमत शून्य. जास्त तिकिटं विकणं हा गुन्हा नव्हे. किती जास्त, हा खरा प्रश्न, आणि तिथे द्विपद वितरण लागतं, म्हणजे इतक्या जणांपैकी नेमके किती येतील याची संभाव्यता सांगणारं सूत्र.

प्रत्येक प्रवासी येण्याची संभाव्यता उदाहरणापुरती ०.९५ धरू. पुष्कळ जण इथे सरासरी काढून मोकळे होतात. १९० चे ९५ टक्के म्हणजे १८०.५, मग १९० विकायला हरकत काय? इथेच घात होतो. सरासरी १८०.५ असली तरी कधी १७६ येतील, कधी १८५. १९० तिकिटांवर निदान एकाला जागा न मिळण्याची संभाव्यता सुमारे ५२ टक्के निघते. म्हणजे जवळपास दर दुसऱ्या उड्डाणाला काउंटरवर भांडण!

आता १८४ घ्या. न येणारे चारपेक्षा कमी असले तरच पंचाईत. म्हणून शून्य, एक, दोन आणि तीन यांच्या संभाव्यता मिळवायच्या. नेमके तिघं न येण्याची संभाव्यता म्हणजे १८४ मधून ३ निवडण्याचे प्रकार, गुणिले ०.०५ चा घन, गुणिले ०.९५ चा १८१वा घात. ती १.२ टक्के येते. चारही मिळून १.६. फक्त सहा तिकिटं कमी केली आणि ५२ वरून १.६ वर आलो!

पण हे सूत्र प्रत्येक प्रवासी स्वतंत्र आहे असं धरून चालतं. माणसं तशी प्रवास करतात का? नवरा-बायको एकत्र येतात किंवा एकत्रच गैरहजर राहतात. लग्नाचं वऱ्हाड अख्खं येतं. नगर रस्त्यावर कोंडी झाली की अनेकांचं विमान एकदमच चुकतं. समजा, त्या १८४ जणांच्या ९२ जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडी एकत्रच येते किंवा एकत्रच गैरहजर राहते. आता एखादीच जोडी गैरहजर राहिली, किंवा एकही नाही, तरी जागा कमी पडते. संभाव्यता ५.२ टक्के. तिकिटं तेवढीच, सरासरी तीच, धोका तिपटीहून जास्त. एका पीएनआरवर, म्हणजे एका बुकिंगवर, किती नावं आहेत हे कंपनीला ठाऊक असतं. ते बाजूला ठेवून नुसती तिकिटं मोजणं मला अक्षम्य वाटतं.

कारण उरलेला माणूस टक्केवारीत राहत नाही, तो बॅग घेऊन काउंटरपाशी उभा असतो. डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमानुसार कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे असतात. तरीही तुम्हालाच उतरवलं आणि तासाभरातलं दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई मागा. पुढचं विमान २४ तासांच्या आतलं असेल, तर एकेरी मूळ भाड्याच्या दुप्पट अधिक इंधन शुल्क, कमाल १०,००० रुपये. त्यानंतरचं असेल तर चौपट, कमाल २०,०००.