क्षयजिवाणूंच्या स्ट्रेनची तुलना : प्राण्यांत नेमकं काय मोजायचं?

दोन स्ट्रेनपैकी (एकाच जिवाणूच्या दोन वाणांपैकी) जास्त मारक कोणती, हा प्रश्न सरळ वाटतो. उत्तर मात्र बऱ्याचदा स्ट्रेनपेक्षा फ्रीजरमधल्या कुपीवर ठरतं, म्हणून सुरुवात कुपीपासून करू.

माध्यमात पुन्हापुन्हा वाढवलेला क्षयजिवाणू आपल्या आवरणातला पीडीआयएम हा मेदपदार्थ गमावू शकतो. बाटलीत त्याची गरज नसते, त्यामुळे तो न बनवणारे उत्परिवर्ती पुढे सरकतात आणि प्राण्यात गेल्यावर हेच कमजोर ठरतात. मग ‘स्ट्रेन सौम्य आहे’ असा निष्कर्ष निघतो, तोही चुकीचा. तेव्हा पॅसेज, म्हणजे एका बाटलीतून दुसरीत पुन्हा वाढवणं, कमीत कमी ठेवा आणि पीडीआयएम तपासून घ्या. दोन्ही स्ट्रेन एकाच माध्यमात, वाढीच्या एकाच टप्प्यावर काढा, लहान कुप्यांत उणे ८० अंशांवर गोठवा. एक कुपी वितळवून सीएफयू (प्लेटवर कॉलनी देणाऱ्या जिवंत जिवाणूंची संख्या) मोजा आणि डोस त्या आकड्यावरून ठरवा. गढूळपणावरून ठरवू नका.

दुसरी अडचण गुठळ्यांची. २० जिवाणूंची गुठळी प्लेटवर एकच कॉलनी देते. शिवाय मोठी गुठळी वायुकोशापर्यंत पोहोचतच नाही. ०.०५ टक्के ट्वीन-८० (साबणासारखा पदार्थ), थोडा वेळ सोनिकेशन (ध्वनिलहरींचे झटके), मग मोठे पुंजके खाली बसू देणं, एवढ्याने बहुतेक काम होतं. तरी आम्लस्थायी रंग (क्षयजिवाणू दाखवणारा) देऊन स्लाइड बघाच.

उंदरांना एरोसोलने (हवेतल्या सूक्ष्म थेंबांतून) साधारण ५० ते १०० जिवाणू देतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटातले काही उंदीर तपासून फुप्फुसात खरोखर किती पोहोचले ते मोजायचं. ही पायरी गाळली तर पुढचे आकडे वाचण्यात अर्थ नाही. एका गटाला चौपट डोस गेला, तर सुरुवातीलाच ०.६ लॉगचा (दहाच्या घातांकात मोजलेला) फरक पडलेला असतो. त्या दिवशी जिवाणू इतके कमी असतात की अख्ख्या फुप्फुसाचं मिश्रण विरळ न करता अनेक प्लेटांवर पसरावं लागतं. पुढे, समजा चौथ्या आठवड्यात, फुप्फुस वाटून एकूण २ मिलि मिश्रण झालं आणि हजारपट विरळ केलेल्या ०.१ मिलिमधून ५० कॉलनी आल्या, तर फुप्फुसात १० लाख जिवाणू. मिडलब्रुक ७एच११ या माध्यमावर कॉलनी दिसायला तीन-चार आठवडे लागतात. घाईने मोजलं तर सावकाश वाढणारी स्ट्रेन उगाच सौम्य ठरते.

आता मोजायचं काय? सीएफयू, ऊतींची हानी आणि जगण्याचा काळ या तीन मोजपट्ट्या नेहमी एकमेकींशी जुळतातच असं नाही. एचएन८७८ आणि सीडीसी१५५१ या दोन स्ट्रेन घ्या. एचएन८७८ची लागण झालेले उंदीर सीडीसी१५५१च्या उंदरांपेक्षा लवकर मरतात. एचएन८७८च्या उंदरांत टी-पेशींचा संरक्षक प्रतिसाद कमजोर पडतो. म्हणून फक्त २८व्या दिवसाच्या सीएफयूवर थांबू नये. ऊतींच्या स्लाइड वाचणाऱ्याला मात्र गट कोणता ते कळता कामा नये.

प्राणी बदलला की क्रमही बदलू शकतो. सी५७बीएल/६ उंदरात गिनिपिगसारखा चीजसदृश ऊतिनाश होत नाही. तो हवा असेल तर सी३एचईबी/एफईजे उंदीर किंवा गिनिपिग घ्यावा. कॅटजी जनुक निकामी झालेले, आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधाला प्रतिरोधक जिवाणू गिनिपिगमध्ये दुबळे पडतात, पण त्याच जनुकातल्या एस३१५टी या बदलाने उंदरातली मारकता टिकते. ‘प्रतिरोधक म्हणजे सौम्य’ हा नियम त्यामुळे कोसळतो. १९६० च्या सुमारास क्षयसंशोधक मिचिसन यांच्या गटाला मद्रासमधल्या रुग्णांचे अनेक जिवाणू गिनिपिगमध्ये ब्रिटिश जिवाणूंपेक्षा कमी मारक आढळले होते. यावरून मद्रासचा रुग्णही सौम्य आजारी होता असं समजणं ही उडी झाली.

सीडीसी१५५१ने माणसांत वेगाने संसर्ग पसरवला म्हणून ती गाजली, उंदरात मात्र ती फारशी मारक निघाली नाही. यात विसंगती नाही. या प्रयोगात एका उंदराकडून दुसऱ्याकडे होणारा प्रसार मोजलेलाच नसतो, त्यामुळे संसर्गक्षमतेचा प्रश्न या आकड्यांना विचारता येत नाही.