वीस सह्यांचा कायदा

सोव्हिएत संघात देवावर श्रद्धा ठेवणं हा गुन्हा नव्हता. उपासनेचं स्वातंत्र्य राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. तरीही ख्रिस्ती माणसं त्याच श्रद्धेपायी तुरुंगात जात होती. हे कसं घडलं, ते कळायला ८ एप्रिल १९२९ चा धार्मिक संघटनांविषयीचा ठराव उघडावा लागतो.

एकत्र प्रार्थना करायची तर आधी नोंदणी. त्यासाठी अठरा वर्षांवरच्या किमान वीस जणांच्या सह्या. नोंदणी झाली की प्रार्थनागृह वापरायला मिळे, पण मालकी सरकारचीच. खरी मेख कलम १४ मध्ये होती. मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, कार्यकारिणीतून कोणालाही काढून टाकायचा अधिकार नोंदणी कार्यालयाकडे होता. खमका माणूस बाहेर, वाकणारा आत. उरलंसुरलं कलम १७ ने संपवलं: अडलेल्या सभासदाला पैशाची मदत करायची नाही, मुलांची, तरुणांची, स्त्रियांची वेगळी सभा भरवायची नाही, बायबलचा अभ्यासवर्ग नाही, वाचनालय नाही, सहलसुद्धा नाही.

१९५९ नंतर, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या काळात, हा फास आणखी आवळला गेला. १९६० मध्ये बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांच्या अधिकृत संघानेच आपल्या वरिष्ठ पाळकांना सूचनापत्र पाठवलं: मुलांना उपासनेला आणू देऊ नका, अठरा ते तीस वयाच्या लोकांचे बाप्तिस्मे होता होईल तेवढे कमी करा. दबाव सरकारचा होता, पण पत्र आलं ते आपल्याच माणसांकडून. आमच्या मते हा घाव अटकेपेक्षा खोल गेला.

१९६१ मध्ये गेन्नादी क्र्युच्कोव्ह आणि अलेक्सेई प्रोकोफ्येव्ह यांच्या गटाने या सूचनांना उघड विरोध केला. त्यातून बिननोंदणी मंडळ्यांची चळवळ उभी राहिली. सभा घरांत भरायच्या, जंगलात भरायच्या. लग्नाला शेकडो माणसं जमली तर निमित्त सांगता येई, म्हणून लग्नातच उपदेश व्हायचा. १९६६ पासून अशा सभेला ५० रूबलपर्यंत दंड होता. पुन्हा सापडलात तर रशियाच्या दंडसंहितेचं कलम १४२, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद.

अल्ताई प्रांतातल्या कुलुंदा गावच्या निकोलाय ख्माराला डिसेंबर १९६३ मध्ये शिक्षा झाली. जानेवारी १९६४ मध्ये त्याचा मृतदेहच घरच्यांच्या हाती आला. अंगावर छळाच्या खुणा होत्या. त्याच वर्षी कैद्यांच्या नातेवाइकांनी, मुख्यतः स्त्रियांनी, एक परिषद स्थापन केली.

त्यांचं हत्यार होतं यादी. तिचे रकाने असे: नाव, जन्मवर्ष, अटकेची तारीख, कलम, शिक्षेची मुदत, श्रमछावणीचा पत्ता, मागे राहिलेलं कुटुंब. धर्मासाठी कोणी तुरुंगात नाही, असं सरकार जगाला सांगत होतं. त्याला खोडून काढायला घोषणा पुरत नाहीत, तारखा लागतात. पत्ता असला की कैद्याला पत्र जातं, आणि या माणसाकडे कोणाचं तरी लक्ष आहे हे छावणीच्या अधिकाऱ्यालाही कळतं. पण तपशील चुकला तर कलम १९०-१ खाली ती सोव्हिएत राज्याची बदनामी ठरवायला आयतंच कारण मिळे. त्याचीही शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणून प्रत्येक ओळ पारखून घ्यावी लागे.

बायबल छापायला १९७१ पासून ‘ख्रिस्तियानिन’ हा गुप्त छापखाना होता. यंत्रं घरीच बनवलेली. एकदम जास्त कागद विकत घेतला की संशय येई, म्हणून तो थोडा थोडा, वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवायचा. १९७४ मध्ये लॅटव्हियात लिगुकाल्न्स इथल्या एका शेतघरावर धाड पडली आणि काम करणाऱ्या सात जणांना अटक झाली. चळवळीचे सचिव गेओर्गी विन्स यांना १९७५ मध्ये कीव्हच्या न्यायालयाने पाच वर्षं छावणी आणि पाच वर्षं हद्दपारी सुनावली. एप्रिल १९७९ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या दोन सोव्हिएत हेरांच्या बदल्यात पाच कैदी सोडले गेले, त्यांत विन्स होते.

१९२९ चा तो ठराव १९९० मध्ये रद्द झाला. त्या चळवळीतल्या मंडळ्या मात्र अजूनही नोंदणी करत नाहीत. कझाकस्तानात बिननोंदणी सभेबद्दल त्यांना आजच्या कायद्याखालीही दंड झालेला आहे, आणि त्यांच्यातले बरेच जण तो भरायला नकार देतात.