जांघेतली वाहती पुळी

मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. जाळं शिवत बसलेले हे तांडेल. आयुष्यभर विडी ओढली, त्यात शुगर. चार पावलं चाललं की पोटरी भरून यायची. दोन वर्षांपूर्वी जांघेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत कृत्रिम रक्तनळी, म्हणजे ग्राफ्ट बसवला आणि पाय वाचला.

आता जुन्या टाक्यांपाशी पुळी आली आहे. दाबली की चिकट पाणी येतं, लेंग्याला डाग पडतो. घरचे म्हणतात, “उष्णतेचं गळू असेल.” गोळ्या घेतल्या की सुकतं, महिन्याभराने पुन्हा वाहतं.

हे सुकणंच घातकी, कारण ही पुळी ग्राफ्टला झालेल्या जंतुसंसर्गाची खूण असू शकते. ग्राफ्टवर पोचलेले जंतू, बहुतेकदा स्टॅफिलोकोकस, होडीच्या बुडाला शेवाळ धरावं तसा बुळबुळीत थर धरून बसतात. त्या थरातल्या जंतूंना गोळ्या पुरेशा मारू शकत नाहीत. ताप बहुधा नसतो, रक्ततपासणीही कधीकधी नॉर्मल येते. त्यामुळे भलेभले फसतात.

आधी सोनोग्राफी, मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तनळ्यांचा स्कॅन. ऑपरेशनला 3 महिने उलटूनही नळीभोवती पाणी दिसलं, तर संशय बळावतो. तरीही कोडं सुटलं नाही, तर पेट-सीटी, म्हणजे संसर्गाची जागा उजळून दाखवणारा स्कॅन.

पण औषध ठरतं ते कल्चरवर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्यावर. पुळीवरून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यात (स्वॅबमध्ये) कातडीवरचेच जंतू सापडू शकतात. नमुना हवा नळीलगतचा, आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधीचा. रुग्ण तापाने फणफणला असेल, तर मात्र रक्ताचं कल्चर घेऊन औषध लगेच सुरू करायचं.

उपचार सोपा नाही. बहुतेकदा ग्राफ्ट काढावा लागतो, सडलेला भाग खरवडावा लागतो, आणि जमल्यास रुग्णाच्याच पायातली शीर घेऊन नवा बायपास होतो. वरून मांडीचा स्नायू वळवून पांघरतात. त्यानंतर कित्येक आठवडे अँटिबायोटिक. इतकं करूनही कधी पाय जातो. म्हणून तर गोळ्यांवर महिने काढलेले पाहवत नाहीत.

कोकणातल्या प्रत्येक दवाखान्याला आमची कळकळीची विनंती: पायाचा बायपास झालेल्या माणसाच्या जांघेतल्या गळवाला चिरा देऊ नका. ऑपरेशनचे कागद बरोबर देऊन त्याला व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे धाडा. त्यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागलं तरी.

आणि घरच्यांनो, त्या जागेतून लाल रक्त आलं, थेंबभर का असेना, तर स्वच्छ फडकं ठेवून तळहाताने घट्ट दाबा. थांबलं का म्हणून उचलून बघू नका. दुसऱ्याला 108 लावायला सांगा.