आमची डाय सोळाची आसा

कुडाळ एमआयडीसीत वर्कशॉप असलेली निम्मी मंडळी समोर बसलीत, तेव्हा बेंड म्हणजे काय ते सांगत बसत नाही. विषय दिलाय ‘पत्रा वाकवतानाचे हिशेब’. त्यावर येतोच. आधी ट्रेची गोष्ट. घरी ती आता कोणी ऐकत नाही.

काजूगर वाळवायचे स्टेनलेसचे ट्रे होते. पत्रा 2 मिमी. काजूला एवढा जाड कशाला, हे मला विचारू नका, गिऱ्हाइकाला विचारा. बाहेरून मापं मिमीत: तळ 400, दोन्ही काठ 40-40. ड्रॉइंग पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर आलं: बेंडच्या कोपऱ्याची आतली त्रिज्या 2, के-फॅक्टर (तो काय, ते पुढे सांगतो) 0.42, सपाट लांबी, म्हणजे वाकवण्याआधी पत्रा कापायची लांबी, 472.92. दशांशानंतर दोन आकडे दिसले की आपण हात जोडतो. लेझरवाल्याने तंतोतंत कापलं, बेंड मारले, आणि ट्रे ट्रॉलीच्या खाचेत जाईना! मोकळीक अर्ध्या मिलिमीटरची, तळ आलेला 401. वेल्डर म्हणे लेझरवाला चुकला, लेझरवाला म्हणे पत्राच तसला, डिझायनर फोनवर म्हणे सॉफ्टवेअरनेच काढलंय. प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं मशीन, त्याच्या ऑपरेटरला कोणी विचारलंच नव्हतं. तो चहा संपवून म्हणाला, “साहेबानू, आमची डाय सोळाची आसा. दोनची त्रिज्या येतली खंयसून?” डाय म्हणजे ज्या खाचेवर पत्रा ठेवून वाकवतात ती; सोळाची म्हणजे तिचं तोंड 16 मिमी रुंद.

स्टेनलेसवरून आठवलं. बंदरावर मासळीचं सामान करणाऱ्यांनी 304 ग्रेडच्या स्टेनलेसऐवजी 316 ग्रेडचं घ्यावं. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्याने पत्र्याला बारीक खड्डे पडतात ते त्याने कमी होतात. महाग पडतं, माहीत आहे. दरवर्षी नवे ट्रे स्वस्त पडतात का?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवतात तेव्हा, आतली त्रिज्या मुख्यतः डायचं तोंड ठरवतं. माइल्ड स्टीलला तोंडाच्या साधारण 16 टक्के, 304 ला 20 टक्के. पत्र्याच्या जाडीच्या आठपट, म्हणजे 16 ची डाय, की आपल्या ट्रेला त्रिज्या 3.2. वाकताना बाहेरची बाजू ताणते, आतली दबते, मधला एक थर लांबीला तसाच राहतो. आतल्या बाजूपासून तो जाडीच्या किती हिश्शावर आहे, तो के-फॅक्टर. 90 अंशांत त्या थराची लांबी 1.5708 गुणिले (त्रिज्या अधिक के गुणिले जाडी). त्रिज्या अधिक जाडी, त्याची दुप्पट, त्यातून ही लांबी वजा केली की एका बेंडची वजावट मिळते; बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर बेंडमागे तेवढं कमी करून पत्रा कापायचा. त्रिज्या 2 धरली तर 3.54, 3.2 धरली तर 4.05. बेंड दोन, फरक एक मिलिमीटर. ट्रे तिथेच अडकला.

म्हणून ड्रॉइंग करण्याआधी शॉपला फोन करा, डाय कोणती ते विचारा. त्याच पत्र्याची बरोबर 100 मिमी लांबीची पट्टी त्यांच्याकडून 90 अंशांत वाकवून घ्या. वाकलेल्या दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या मापांची बेरीज करा, त्यातून 100 वजा करा. राहील ती तुमची वजावट. तीच सॉफ्टवेअरमध्ये भरा. पत्र्याचा लॉट बदलला की पट्टी पुन्हा वाकवा.