पडलेला पेरू उचला

(ठाण्यातील पाचपाखाडी भागातल्या एका सोसायटीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, येताना तुमच्या गेटजवळच्या पेरूखाली चार फळं पडलेली दिसली. त्यातलं एक उचलून आणलंय. फोडते, बघा. हा पांढरा वळवळता प्रकार म्हणजे फळमाशीच्या अळ्या.

आल्यापासून तुम्ही मला एकच विचारताय, "काय फवारू?" पण अळी दिसली की फवारणीची वेळ टळलेली असते. मादी पोटाच्या टोकाची सुईसारखी नळी सालीत खुपसून आत अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या निघतात आणि गर खायला लागतात. औषध सालीवर, अळी गरात. फळ मऊ होऊन गळतं, अळी बाहेर पडून मातीत शिरते, कोष करते आणि साधारण दहा दिवसांत नवी माशी उडते.

म्हणून गळलेलं फळ त्याच दिवशी उचलायचं. ओल्या कचऱ्याच्या खतात टाकायचं नाही, तिथे माशी सुखाने वाढते. दोन फूट खोल पुरा. उन्हाळा असेल तर काळ्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा. झाडावरचा पेरू लिंबाएवढा झाला, आंबा अंड्याएवढा झाला, की त्याला कागदी पिशवी बांधा.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यासाठी रक्षक सापळा तयार केलाय. त्यात मिथिल युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं. आपल्या तुळशीतही तेच असतं. पण त्या वासाला फक्त नर येतात, मादी येत नाही. त्यामुळे एकाच घरी सापळा लावून उपयोग नाही, अख्ख्या गल्लीने लावायला हवेत. कृपा करून शेजारच्या सोसायटीशी बोला.

विषारी औषधांचा मला राग का येतो, तेही सांगते. २००८ मध्ये कोइमतूरकडे पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या पिठासारखा दिसणारा, झाडाचा रस शोषणारा किडा सापडला आणि पुढे आपल्याकडेही पसरला. फवारण्या करून लोक थकले. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून त्याच्यावर जगणारे इवलेसे परजीवी कीटक आणून सोडले आणि कीड आटोक्यात आली. आपण जहाल औषध मारतो तेव्हा असे मित्रही मरतात. मोहर फुललेला असताना तर फवारूच नका, परागीभवन करणाऱ्या माश्या-मधमाश्या तेव्हा झाडावर असतात. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी हाताने वेचता येते.

आता भिरूड, म्हणजे खोड आतून पोखरणारा किडा. नौपाड्यातल्या आमच्या घरचा आंबा त्यानेच गेला. बुंध्याशी भुसा पडत होता, आम्ही तो रोज झाडून टाकला आणि वर पाहिलंच नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या इथे आंब्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत, खोडात खिळेही ठोकलेत. खिळे काढा, बुंध्याभोवती माती मोकळी करा. दुबळ्या, जखमी झाडावर भिरूड लवकर येतो. भुसा दिसला तर वर भोक शोधा. टोक वाकवलेली तार आत घालून अळी ओढून काढा, रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा कोंबा आणि भोक चिखलाने लिंपून टाका. आठ दिवसांनी परत बघा. ताजा भुसा पडला असेल तर आत अजून एखादी आहे.