एकट्याने कान्हेरी: बुद्धमूर्ती बघून परत फिरू नका

नमस्कार मंडळी! बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरा, नॅशनल पार्कच्या गेटमधून आत शिरा आणि आतली बस धरा. गेटपासून कान्हेरीची बौद्ध लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. पायी येणारेही असतात, पण पाय वर डोंगरासाठी राखून ठेवा असं मी म्हणेन. सोमवारी पार्क बंद असतं, तेव्हा त्या दिवशी निघूच नका. पिशवीची चेन लावून घ्या, इथली माकडं वेफर्सचं पाकीट लांबून ओळखतात.

आता ही माझ्या मागे दिसतेय ती लेणी क्रमांक तीन, चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. साधारण दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. आराखडा कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या धर्तीवरचा. व्हरांड्यात दोन्ही टोकांना या उंचच उंच बुद्धमूर्ती. त्या मात्र पुढच्या काळात, काही शतकांनी कोरलेल्या. आत जाऊन खांब नीट बघा. काहींना घडवलेली बैठक आहे, वर हत्ती आहेत, आणि बाकीचे नुसते अष्टकोनी, सपाट. काम अर्धवट राहिलंय. मला तर हे अर्धवट खांबच जास्त आवडतात, दगड कसा घडत होता ते त्यांच्यावरून कळतं.

बहुतेक लोक इथे फोटो काढतात आणि खाली काकडी खायला जातात. तुम्ही जाऊ नका, काकडी नंतरही मिळेल. या पायऱ्यांनी वर चला.

वर शंभराहून जास्त लेणी आहेत आणि त्यातली बरीचशी भिक्षूंची राहायची घरं आहेत. पुढे अंगण, मग ओटा, मग खोली, खोलीत झोपायला दगडाचा बाक. आणि दाराशी, हे बघा, पाण्याचं टाकं. शिलालेखांत याला पोढी म्हटलंय. आता वरच्या कातळावर बघा. या बारीक चऱ्या दिसतायत? छिन्नीने कोरलेल्या आहेत. डोंगरावर पडलेला पाऊस त्यांतून वाहत येऊन टाक्यात उतरतो. इथला पाऊस म्हणजे चार महिने धो धो आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. जवळपास हजार वर्षं या कातळावर माणसं राहिली, ती या टाक्यांच्या जिवावर. म्हणून मी म्हणते, कान्हेरीत मूर्तीआधी पाणी बघा.

हा सगळा खर्च केला कोणी? शिलालेखांत कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे दाते सापडतात. व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणीसुद्धा. कोणी टाकं खोदून दिलं, कोणी कायमची ठेव ठेवली, तिच्या व्याजातून भिक्षूंना चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, मिळावं म्हणून. चैत्यगृहाच्या लेखातले दाते तर दोघे व्यापारी भाऊ. कल्याण-सोपाऱ्यासारख्या बंदरांतला पैसा असा डोंगर चढून यायचा.

अकरा नंबरला मोठी सभागृहासारखी जागा आहे, मधोमध लांबलचक दगडी बाक. एक्केचाळीस नंबरला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, तो चुकवू नका. आणि दम शिल्लक असेल तर नव्वद नंबर गाठाच. तिथे भिंतीवर पहलवी या जुन्या इराणी लिपीत नावं कोरलेली आहेत, इसवी सन 1009 आणि 1021 सालची. पारशी मंडळी लेणी बघायला आली होती आणि आपली नावं, तारीख लिहून गेली. आज कोणी असं केलं तर आपण त्याला झोडून काढू, आणि काढायलाच हवं! पण त्यांचं लिखाण आता इतिहासाचा पुरावा झालंय, काय करणार.

एकट्याने येणाऱ्यांसाठी काही गोष्टी. वरच्या बाजूला फोनला रेंज धड नसते, त्यामुळे कुठे जाताय ते घरी आधीच सांगून ठेवा. पावसाळ्यात कातळ शेवाळतो, चपला घालून चढायचं धाडस नको. बिबट्यांचं जंगल आहे, म्हणून आडवाटेला शिरायचं नाही आणि अंधार पडेपर्यंत वर रेंगाळायचं नाही. चारच्या सुमारास उतरायला लागा. परतीच्या बसला रविवारी ही मोठी रांग असते, मीही आता तिकडेच निघालेय.